हीट गनने जुना ऑइल पेंट काढायचा आहे: काय सांभाळावं?

कवाड

जुन्या घराची दारं-खिडक्या चांगल्या लाकडाच्या आहेत असं फक्त ऐकून आहे, कारण लाकूड कुणी पाहिलेलंच नाही. ऑइल पेंटचे इतके हात चढलेत की चौकटीवरची नक्षी बुजून गेलीये आणि दोन झडपा निव्वळ रंगाच्या जाडीमुळे मिटत नाहीत. पॉलिश पेपर लावून पाहिला. पेपर भरून जातो, रंग जागच्या जागी.

शेवटी हीट गन घेतली. २००० वॉटची आहे, मागे तापमानाची चकती, ५० ते ६०० अंश. सोबत चार नोझल आलीत. एक पसरट, एक निमुळतं, एक चमच्यासारखं वाकडं आणि एकाला बाजूला पत्र्याची पाकळी. माहितीपत्रकात इशारेच इशारे आहेत, पण काम कसं करायचं त्याबद्दल दोन ओळी.

किती तापमानावर करू? लाकूड जळत नाही ना? खिडक्यांना काचा आहेत. आणि घरात चार वर्षांची मुलगी आहे, हे आधीच सांगते.

घाईगडबड

६०० वर ठेवायचं, रंग फुगला की पत्रीने, म्हणजे खरवडायच्या पसरट पात्याने, ओढायचा, विषय संपला. मोठा हेअर ड्रायर आहे तो, एवढं काय त्यात.

सुतारपक्षी

घाईगडबड, हेअर ड्रायरची हवा डोक्याला सोसते म्हणून तर तो डोक्याला लावतात. कागद साधारण २३० अंशांना पेट घेतो. लाकूड २५० ते ३०० च्या दरम्यान करपायला लागतं आणि त्याच्या पुढे नुसती ठिणगी पुरते. ६०० ला लावलेली गन एका जागी धरली तर दार मोकळं होईल, पण दार राहील का ते सांगता येत नाही.

कवाडताई, चकतीवरचा आकडा नोझलच्या तोंडाशी असलेल्या हवेचा असतो. दोन-तीन बोटं लांब गेलं की हवा बरीच उतरते. त्यामुळे आकड्यापेक्षा अंतर आणि हात किती हलतोय याला जास्त महत्त्व. मी जुन्या फर्निचरवर ३५० ने सुरुवात करतो. रंग आळशी निघाला तर ४००, फार जाड असेल तर ४५०. त्याच्या वर जायची वेळ आली तर समजायचं की एक तर रंग हीट गनने निघणाऱ्या जातीचा नाही, किंवा आपली पत्री बोथट आहे.

आता हात कसा चालवायचा ते. गन थोडी तिरपी धरायची. सरळ काटकोनात धरली की गरम हवा आपटून परत गनमध्येच शिरते आणि आतली तार जास्त तापते. तळहाताएवढ्या जागेवर मागेपुढे फिरवत राहायची. आधी रंगाची चकाकी जाते, मग त्याला सुरकुती पडते, मग बारीक फोड येतात. सुरकुती आणि फोड यांच्या मधला जो क्षण आहे, तेव्हा पत्री घालायची. फोड मोठे होऊन धूर निघेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. तो रंग आता करपून कडक होतो आणि लाकडाला चिकटून बसतो. डाव्या हातात गन, उजव्या हातात पत्री, गन पुढे आणि पत्री मागे, असा एकदा ताल बसला की रंग लांब पट्टीसारखा सुटत येतो. पत्री लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच ओढायची, आडवी नाही. गरम लाकूड मऊ असतं, आडवी ओढली की चरा पडतो आणि तो पॉलिशखाली उठून दिसतो.

नक्षीत, कडेच्या खाचांत आणि कोपऱ्यात सपाट पत्री जात नाही. त्यासाठी ओढून खरवडायची त्रिकोणी पात्याची खरवडणी मिळते, ती घ्या. निमुळतं नोझल तिथे लावायचं. चमच्यासारखं वाकडं आहे ते पाइप आणि वायरच्या नळ्यांसाठी, हवा भोवती गुंडाळली जाते. तुमच्या कामाचं नाही.

सुटलेला रंग पत्रीवरून लगेच पत्र्याच्या डब्यात झटकायचा. प्लास्टिकच्या बादलीत किंवा जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्रावर नाही. तो चिकट गरम लगदा कागदावर पडला की आतल्या आत धुमसत राहतो.

कवाड

काका, एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. "हीट गनने निघणाऱ्या जातीचा" म्हणजे काय? सगळे रंग निघत नाहीत?

सुतारपक्षी

जुना ऑइल पेंट आणि एनॅमल छान निघतो, हीट गन त्याच्यासाठीच आहे म्हणा ना. पाण्यातला प्लास्टिक पेंट रबरासारखा होऊन पत्रीला लोंबतो. निघतो, पण वैताग देतो. डिस्टेंपर आणि चुन्याला उष्णतेचं काही सोयरसुतक नाही, ते ओलं करून खरवडायचं. दोन डबे मिसळून लावतात ते पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाइन पॉलिश मऊ न होता थेट जळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. आणि लाखेचं जुनं पॉलिश असेल तर गन बाजूला ठेवा, ते स्पिरिटच्या बोळ्याने निघतं.

व्हिनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, असेल तर मात्र जपून. जुना सरस ६०-७० अंशांनाच ढिला पडतो. रंगाच्या आधी व्हिनियर सुटून वर येईल.

शिसपेन्सिल

सगळ्यांनी लाकडाची काळजी केली. घरात चार वर्षांची मुलगी आहे हे वाक्य कुणाला दिसलं का?

जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असतं. असू शकतं नाही, जुन्या घरात ते असणारच असं धरून चालायचं आणि नाही हे सिद्ध झालं तरच सोडायचं. पांढऱ्या रंगात सफेदा, लोखंडावरच्या प्रायमरमध्ये शेंदूर, पिवळ्या-नारिंगी रंगात लेड क्रोमेट, ही सगळी शिशाचीच संयुगं. सफेद्याचे धोके रंगाऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने त्यावर १९२१ सालीच करार केला होता. तरीही अमेरिकेत घरगुती रंगातलं शिसं १९७८ ला बंद झालं, बाकी बऱ्याच देशांत त्याच्याही पुष्कळ नंतर. त्यामुळे वरचा हात नवा आहे याला काही अर्थ नाही, खालचा कधीचा आहे ते विचारा.

आता हीट गनचा संबंध. शिसं ३२७ अंशांना वितळतं, पण त्याचा धूर त्रासदायक व्हायला साधारण ५०० च्या पुढे सुरुवात होते. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा २०१० पासून लागू असलेला नियम आहे की जुन्या घरात रंग काढताना ११०० फॅरेनहाइट, म्हणजे ५९३ सेल्सिअस, किंवा त्याच्या वर चालणारी हीट गन वापरायचीच नाही, आणि उघड्या ज्योतीने रंग जाळणं तर पूर्ण बंद. म्हणजे घाईगडबड यांचा ६०० चा सल्ला नेमका मनाई असलेल्या जागी जाऊन बसतो.

पण एक गोष्ट लोक उलटी समजतात. कमी तापमानावर मऊ करून पत्रीने काढलेला रंग तुलनेने बरा, कारण तो मऊ तुकड्यात निघतो, धूळ होत नाही. खरा घात होतो तो त्यानंतर. दार "थोडंसंच राहिलंय" म्हणून माणूस कोरडा पॉलिश पेपर मारतो किंवा सँडर लावतो आणि ती पिठासारखी धूळ फरशीवर, पडद्यांवर, खेळण्यांवर बसते. रांगणारं-खेळणारं मूल हात तोंडात घालतं. मुलांच्या शरीरात शिसं मोठ्यांपेक्षा जास्त शोषलं जातं आणि ते मेंदूवर जातं. रक्तातलं शिसं अमुक पातळीपर्यंत चालेल अशी कुठलीही सुरक्षित पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते.

तर आधी तपासणी. काडीसारखे किट मिळतात. नुसतं वरून घासू नका, वरचा नवा हात "शिसं नाही" म्हणेल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. धारदार चाकूने लाकडापर्यंत तिरका छेद घ्या, सगळे थर उघडे पडले पाहिजेत, मग त्या छेदावर काडी घासा. खात्रीच हवी असेल तर सगळ्या थरांसकट पोपडा प्रयोगशाळेत द्या.

घाईगडबड

अहो पण आमच्याकडे रंगारी वर्षानुवर्षं ब्लो लॅम्पनेच, म्हणजे उघड्या ज्योतीच्या दिव्याने, रंग जाळत आलेत. कुणाला काही झालं नाही.

शिसपेन्सिल

रंगाऱ्यांना पोटात कळ येणं, मनगट लुळं पडणं, हे शिशाच्या विषबाधेचं जुनं दुखणं. तेव्हा त्याला कुणी रंगाशी जोडलं नसेल, एवढंच.

सुतारपक्षी

शिसपेन्सिल +१. धुळीबद्दल तर शंभर टक्के. मी शेवटचा हात ओल्या पेपरनेच मारतो, वॉटर पेपर आणि पाण्यात बुडवलेला स्पंज. लाकडाचे तंतू थोडे उभे राहतात, वाळल्यावर पुन्हा एकदा हलकासा ओला पेपर फिरवला की झालं.

ब्लो लॅम्पवरून आठवलं. इंग्लंडमध्ये अपार्क नावाचा जुना वाडा आहे. ३० ऑगस्ट १९८९ ला छताचं काम चालू असताना ब्लोटॉर्चमुळे आग लागली, वरचे मजले गेले. दुरुस्त करून पुन्हा उघडायला १९९५ उजाडलं. तिथे ज्योत होती आणि इथे नुसती हवा, हे कबूल. पण ५०० अंशांची हवा फटीत घुसते, आणि फटीत काय आहे ते आपल्याला दिसत नाही. चौकट आणि भिंत यांच्या मधल्या पोकळीत वर्षानुवर्षांचा लाकडाचा भुसा, वाळवीची माती, कोळिष्टकं, चिमणीचं जुनं घरटं, काहीही असतं. ते लगेच पेटत नाही, आत धुमसतं. आपण गन बंद करून हात धुऊन जेवायला बसतो आणि दोन तासांनी धूर दिसतो.

म्हणून माझा नियम: फटीकडे नोझल कधीच सरळ रोखायचं नाही, फटीला समांतर धरायचं. फट मोठी असेल तर आधी ओल्या फडक्याची वात बसवायची. पाण्याची बादली आणि अग्निशामक हाताशी. आणि दिवसाचं हीट गनचं काम दिवस मावळायच्या बरंच आधी थांबवायचं, म्हणजे पुढचा तासभर कुणीतरी तिथे वावरत असतं. हात लावून पाहायचं, वास घ्यायचा. चौकटीला शेवटची गरम हवा लावून लगेच घराला कुलूप, हे कधीही नाही.

प्लगपॉइंट

विजेचं मी सांगतो. २००० वॉट भागिले २३० व्होल्ट म्हणजे जवळपास ८.७ अँपियर, आणि तेही सलग अर्धा-पाऊण तास. हे ६ अँपियरच्या साध्या बोर्डाचं काम नाही. तीन पिनांचा मोठा, १६ अँपियरचा पॉइंट हवा. मध्ये कसलाही अडॅप्टर लावू नका, पहिला तोच वितळतो.

एक्स्टेन्शन लागणारच असेल तर जाड तारेची, आणि गुंडाळीची असेल तर पूर्ण उलगडून. गुंडाळी तशीच ठेवून जड यंत्र चालवलं की आतली तार स्वतःच्याच उष्णतेत शिजते, बाहेरून कळतही नाही. अर्ध्या तासाने प्लगला हात लावा. कोमट ठीक. बोट ठेववत नसेल तर बंद करा.

गनची स्वतःची वायर नेहमी खांद्यावरून मागे घ्या. खाली लोंबती राहिली तर कधी ना कधी नोझल तिच्यावर टेकतंच. मागच्या जाळीतून हवा आत जाते, तिथे रंगाची धूळ बसू देऊ नका. हवा कमी झाली की तार लाल होते आणि आतला कट-आउट (जास्त तापलं की वीज तोडणारा स्विच) पडतो, किंवा तार जाते. काम झाल्यावर थेट बटण बंद करायचं नाही. चकती खाली आणून दोन-तीन मिनिटं थंड हवेवर चालवायची, मग बंद करून मागच्या सपाट बुडावर, तोंड वर करून उभी ठेवायची. गरम असताना पडली तर आतला चिनी मातीचा गाभा तडकतो. नोझल बदलायचं तेही थंड झाल्यावरच.

मऊमाती

मला रंग नाही काढायचा, पण हीट गन माझ्याकडेही पडून आहे. बरणीवरची लेबलं, भिंतीवरचे स्टिकर, वायरवरच्या त्या आक्रसणाऱ्या नळ्या, वाकवलेला पाइप, असलं काय काय करता येतं? आणि फ्रीजरमधला बर्फ?

प्लगपॉइंट

फ्रीजरला हात लावू नका! आतलं प्लास्टिक वाकतं हा एक भाग. पण आजकालच्या पुष्कळ फ्रीजमध्ये आर६००ए वायू असतो, म्हणजे आयसोब्युटेन, जळाऊ. नळीला भोक पडलं आणि समोर लालभडक तार असलेलं यंत्र, कल्पना करा. बंद करून दार उघडं ठेवा, बर्फ आपोआप सुटतो.

आक्रसणाऱ्या नळीला ९० ते १२० अंश पुरतात, चकती १५०-२०० वर ठेवून लांबून फिरवा. मध्यापासून टोकांकडे न्या म्हणजे हवा आत अडकत नाही. वाकडं चमच्यासारखं नोझल इथे वापरायचं. वीज चालू असलेल्या वायरवर हे करू नये, हे सांगायची गरज नसावी.

लेबल आणि स्टिकरला हेअर ड्रायरच पुरतो. हीट गन असेलच तर सगळ्यात कमी तापमान. काचेच्या बरणीला एकाच जागी गरम केलं तर बरणी तडकते.

शिसपेन्सिल

पीव्हीसी पाइपबद्दल. तो ८० च्या आसपास मऊ व्हायला लागतो, १००-१२० ला सहज वाकतो. आत कोरडी वाळू भरून दोन्ही टोकं बंद केली की घडी पडत नाही. फिरवत फिरवत हळू तापवा. तपकिरी डाग दिसला किंवा नाकाला झोंबणारा वास आला तर लगेच थांबा, पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड सोडतं. गॅसच्या किंवा दाबाच्या पाइपवर असले प्रयोग नकोत.

नॉनस्टिकच्या थराचं कुठलंही भांडं किंवा पट्टी हीट गनसमोर आणू नका. ते खूप तापलं की निघणाऱ्या धुराने माणसाला तापासारखं वाटतं आणि पिंजऱ्यातला पक्षी मरतो. मोबाइलचं मागचं झाकण उघडायलाही लोक हीट गन लावतात. बॅटरीजवळ ती नकोच.

मऊमाती

वाचनखूण साठवली. फ्रीजरचं वाचून घाम फुटला.

तावदान

काचांचं राहिलं. काच एकसारखी तापली तर काही होत नाही, पण कडेला २०० आणि मध्ये गार असं झालं की तडा सरळ धावतो. कवाडताईंच्या सेटमधलं बाजूला पाकळी असलेलं नोझल ह्यासाठीच आहे, पाकळी काचेच्या बाजूला धरायची. मी त्याच्या भरीला पत्र्याची रुंद पट्टी काचेवर टेकवून धरतो. तरीही काचेला लागून असलेली शेवटची दोन बोटं रुंदीची पट्टी मी गनने करतच नाही, रिमूव्हरने, म्हणजे रंग सोडवणाऱ्या रसायनाने, करतो. जुन्या काचा किंचित लाटदार असतात, तशी काच पुन्हा मिळत नाही.

लुकण, म्हणजे काच बसवायची पुट्टी, सुटावं म्हणून गन लावायची असेल तर विचार बदला. ते दगडासारखं वाळलेलं असतं, मऊ व्हायला इतकी उष्णता लागते की काच आधी जाते.

गंजका नट

लोखंडी गजांवर हीट गन चालत नाही, उगाच वीज जाळू नका. लोखंड उष्णता लगेच लांब पसरवतं, रंग मऊ व्हायच्या आत दुसऱ्या टोकाला चटका बसतो. तिथे रिमूव्हर. शेंदरी प्रायमर दिसला तर तारेचा ब्रश कोरडा मारू नका, वर शिसपेन्सिल यांनी सांगितलंय.

गंजलेल्या नटासाठी मात्र गन छान. नट तापवून पसरवायचा, बोल्ट नाही. तेल मारायचं ते नट थंड झाल्यावर. तेलाचा फवारा मारून लगेच गन लावणारे महाभाग मी पाहिलेत.

सुतारपक्षी

त्याच हिशोबाने: रिमूव्हर, थिनर आणि हीट गन एकाच दारावर एकाच वेळी कधीही नाही. ज्या भागाला रिमूव्हर लावलाय तो पूर्ण पुसून, धुऊन, वाळू द्यायचा. काही जुन्या रिमूव्हरमध्ये डायक्लोरोमिथेन असायचं, ते खूप तापलं की फॉसजीन तयार होतो. पहिल्या महायुद्धात विषारी वायू म्हणून वापरलेला तोच.

कवाड

सगळ्यांना अपडेट देते. काडी आणली. आधी दाराच्या मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात छेद घेतला. भिंगातून बघितलं तर चित्रच आहे: वर पिस्ता रंग, खाली राखाडी, त्याखाली पिवळट क्रीम, पुन्हा एक हिरवा, आणि अगदी लाकडाला चिकटून फिका गुलाबी थर. वरच्या रंगावर काडी घासली, काही नाही. छेदावर घासली आणि काडीचं टोक गुलाबी-लाल झालं. मला आधी वाटलं त्या थराचाच रंग लागला. पुन्हा नव्या काडीने हिरव्या थरावर घासलं, तिथेही लाल.

मग आता काय? सगळं सोडून द्यायचं का?

शिसपेन्सिल

लाकडाला लागून असलेला तो गुलाबी थर म्हणजे जुना प्रायमर. सफेद्यात थोडा शेंदूर घालून पूर्वी लाकडावर मारत असत. त्यामुळे काडी लाल व्हायचीच होती.

सोडून द्यायलाच हवं असं नाही. रंग घट्ट असेल, पोपडे निघत नसतील आणि मूल चावत नसेल, तर वरून नवा रंग मारून तो बंदिस्त ठेवणं हाही रास्त उपाय आहे. तुमच्या दोन झडपा मिटत नाहीत, म्हणजे रंग घासला जातोय आणि कडेला धूळ पडतेय. तिथे काहीतरी करावंच लागेल. माझं मत विचाराल तर फक्त त्या दोन झडपा आणि नक्षीची चौकट काढा, बाकी दारं बंदिस्त ठेवा.

झडपा बिजागरीतून काढून घराबाहेर, उघड्यावर न्या. काम चालू आहे तेवढे दिवस मुलीचं तिथे येणं-जाणं नाही, आणि गरोदर कुणी असेल तर त्यांचंही नाही. चौकट जागेवरच करावी लागेल, तेव्हा त्या खोलीतलं सगळं सामान बाहेर, दाराला जाड प्लास्टिक, जमिनीवर प्लास्टिक. गन ४०० च्या वर नाही. तोंडाला धुळीचा साधा कागदी मास्क पुरणार नाही. पी१०० (अगदी बारीक धूळ अडवणारी) गाळणी आणि सोबत वाफेसाठी कोळशाची गाळणी असलेला अर्ध्या चेहऱ्याचा मास्क घ्या. कामाचे कपडे वेगळे, तिथेच उतरवायचे, वेगळे धुवायचे. साबणाने हात-तोंड धुतल्याशिवाय पाणीसुद्धा प्यायचं नाही.

झाडू मारायचा नाही, साधा व्हॅक्यूम नाही. त्याच्या पिशवीतून बारीक धूळ मागून बाहेर फेकली जाते. ओल्या फडक्याने, साबणाच्या पाण्याने पुसायचं, फडकं टाकून द्यायचं. रंगाचे पोपडे थंड झाले की जाड पिशवीत बांधून घातक कचरा म्हणून द्या. बागेत, कुंडीत, जाळायला, कुठेही नाही.

आणि मुलीच्या डॉक्टरांशी बोलून रक्तातलं शिसं एकदा तपासून घ्या. काम करायचं ठरो न ठरो. त्या झडपा कित्येक वर्षं घासल्या जातायत.

घाईगडबड

मी ६०० चं म्हणालो ते मागे घेतो. घरी नातू आहे. आमचंही दार जुनंच आहे.

कवाड

मुलीची तपासणी केली, रिपोर्ट काळजी करण्यासारखा नाही असं डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांनी पुन्हा करायला सांगितलंय. एक झडप अंगणात नेऊन केली. सुतारपक्षी काका, ती सुरकुती आणि फोड यांच्या मधली वेळ पहिल्या अर्ध्या तासात सापडतच नव्हती. एकतर रंग कच्चा, नाहीतर धूर. नंतर कानाला कळायला लागलं, फोड यायच्या आधी रंग अगदी बारीक चुरचुरतो. तिथे पत्री घातली की पाचही थर एकदम उठतात, पत्रीवर गुंडाळी होते.

गुलाबी थर मात्र रेषांमध्ये बसलाय तो हलत नाही. आणि एका कोपऱ्यात लाकूड काळपट झालंय. पुढे काय करू? शेवटी तेल लावायचा विचार आहे, जवसाचं.

सुतारपक्षी

रेषांतल्या गुलाबीसाठी पुन्हा गन नको, लाकूड करपेल. जेलसारखा घट्ट रिमूव्हर लावा, वर प्लास्टिक झाका, माहितीपत्रकात दिलेला वेळ थांबून मऊ ब्रशने रेषांच्या दिशेने काढा. कॉस्टिक सोडावाला घेऊ नका, टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) असलेलं लाकूड त्याने काळं पडतं. काळपट कोपरा वरवरचा असेल तर ओल्या पेपरने निघेल. खोल गेला असेल तर तसाच राहू द्या, तेल लागलं की बाकी लाकूडही गडद होतं आणि डाग फारसा दिसत नाही.

जवसाचं तेल चांगलं. पातळ हात, अर्ध्या तासाने उरलेलं पुसून घ्यायचं, दुसऱ्या दिवशी दुसरा. पण पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि गरम होतं. चुरगाळलेल्या फडक्यात ती उष्णता अडकते आणि ठिणगीशिवाय फडकं पेटतं. एकेक फडकं उघड्यावर, दोरीवर पसरून कडक वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा. ब्रशला गुंडाळलेलं फडकंही त्यात आलं.

कवाड

फडकी दोरीवर टाकली. दुसरी झडप पुढच्या आठवड्यात काढते. बिजागरीचे स्क्रू रंगाखाली गाडले गेलेत, त्यांच्या खाचा मोकळ्या करायला गन चालेल ना?

गंजका नट

चालेल. निमुळतं नोझल, ३५०, खाचेवर थोडा वेळ धरा, मग टोकदार सुईने खाचेतला रंग उपसा. पेचकस पूर्ण खोल बसल्याशिवाय जोर लावू नका, डोकं झिजलं की तो स्क्रू ड्रिलनेच काढावा लागतो. तरीही नाही हलला तर पेचकस खाचेत बसवून मागून हातोडीचे दोन ठोके, मग आधी किंचित आवळायच्या दिशेने आणि नंतर सोडायच्या.